सुलभाताईंची निर्जळी

गौरव समितीचे पाकीट मंगळवारी आले. आत गौरवग्रंथासाठी लेख मागणारे छापील विनंतीपत्र, ताईंच्या कार्याची एक पानी माहिती आणि लेख परत पाठवायला तिकीट लावलेले पाकीट होते, म्हणजे टपालाचा खर्च समितीनेच केला. माझ्याकडचा खर्च असा: आखीव कागदांचा अर्धा दस्ता तीन रुपये, दोन रिफिली दोन रुपये, आणि पहिल्या मसुद्यावर दूध सांडले म्हणून पुन्हा कागद, दीड रुपया. मन घाबरे झाले की आधी हिशेब मांडायचा, अशी माझी सवय आहे. म्हणून तो इथे मांडला, वाचकांनी राग मानू नये.

घाबरायला कारण आहे. माझ्या लेकीची, नंदाची, मान पुन्हा मोकळी करायची ठरली आहे. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून ती भाजली होती, त्या जुन्या व्रणाने मान परत आखडली. धुळ्याला शस्त्रक्रिया आहे. तारीख ताईंच्या एकसष्टीच्या समारंभानंतर लगेचची. नंदाचे बाळ अजून अंगावर पिते. भूल कोणत्या प्रकारची देणार, ती कोण देणार, आणि त्यानंतर पोरगी किती वेळाने शुद्धीवर येऊन बाळाला जवळ घेईल, यातले काहीच मला ठाऊक नाही. अशा मनःस्थितीत डॉ. सुलभा इंगळे यांच्यावर लिहायला बसले आहे. पण खरे सांगायचे तर त्यांच्याबद्दल लिहायला हीच मनःस्थिती बरी. ताईंची गाठ पडली तेव्हाही मी अशीच होते.

त्या वेळी नंदाला अठरावे लागले होते. हनुवटीवरचा व्रण खालचा ओठ ओढून धरायचा. ओठ पुरता मिटत नसे, वरण पदराला टिपावे लागे. गळ्यावरची कातडी अशी ताणलेली, की आकाशकंदील बघायचा तर पोरगी कमरेतून मागे वाकायची. जळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात महिन्यातून एकदा नाशिकहून प्लास्टिक सर्जन येत. त्यांनी तपासून सांगितले, दोन वेळा करावे लागेल, आधी हनुवटी-ओठ, मग गळा. यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, होकार दिला. पण घरात दोन तट पडले.

माझ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या शिंदखेड्याहून आमच्याकडे जळगावात मेहरूणलाच राहायला आलेल्या. वैधव्य लवकर आले, उपासतापास कडक, आणि अहिराणी जीभ त्याहून कडक. त्या म्हणाल्या, "रूपना करता पोरना जीव टांगनीले लावस का तू?"

माझ्याही मनात तेच होते. माझ्या माहेरी शेजारच्या घरातला मुलगा टॉन्सिल काढायला आत गेला आणि भुलीतून उठलाच नाही. मी तेव्हा लहान होते, पण त्याच्या आईचे ओसरीवर बसून राहणे अजून डोळ्यांपुढे आहे. सुरीची भीती मला कधी वाटली नाही. भुलीची वाटते. जिवावरचे दुखणे असते तर एक गोष्ट. नुसता ओठ मिटावा, चारचौघांत पोरीने मान वर करावी, एवढ्यासाठी तिला भूल द्यायची? मनुदेवीला नवस बोलले आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दवाखान्यात कागदपत्रे करायला गेले.

तिथल्या नर्सबाईंनी जाताना बजावले, "उद्या सकाळी पोरीचा उपवास ठेवा बरं का."

घरी येऊन मी अक्कांना सांगितले. त्या म्हणाल्या, "उद्या चतुर्थीच शे. कोनी सांगाले नको."

पुढचे वाचून डॉक्टर मंडळी हसतील, पण आमच्याकडच्या बायका हसणार नाहीत. उपवास म्हटले की आम्हाला एकच ठाऊक. भात-पोळी बंद, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, दूध, केळे चालते. चतुर्थीला चंद्र उगवेपर्यंत माणसाने काय वाऱ्यावर जगायचे? सकाळी अक्कांनी नंदाला बशीभर खिचडी आणि वर पेलाभर दूध दिले. मी पाहिले, आणि मला काहीच वावगे वाटले नाही. उलट, पोरगी उपाशीपोटी आत जात नाही म्हणून बरेच वाटले. दवाखान्यात नर्सबाईंनी विचारले, "उपवास आहे ना?" आम्ही दोघींनी एकदम सांगितले, "आहे." त्यांनी कागदावर खूण केली. खोटे कोणीच बोलले नाही.

नंदाला आतल्या खोलीत नेले. दाराशी मी आणि अक्का. तेवढ्यात सुती साडी, हातात काळी पेटी, केसांची घट्ट गाठ अशा एक बाई आल्या. भूल द्यायला वेगळा डॉक्टर असतो हेच मला ठाऊक नव्हते. मला वाटे, कापणारा डॉक्टरच काहीतरी हुंगवत असेल. त्या बाई आत न जाता माझ्यापाशी थांबल्या. "तुम्ही आई का? मी सुलभा इंगळे. तुमच्या मुलीला भूल मी देणार आहे. कागदावर उपवास लिहिलंय. कशाचा उपवास?"

"चतुर्थीचा," मी म्हटले. "आणि तुमचाही."

"उपवासाला तिनं काय घेतलं?"

हा प्रश्न त्या दवाखान्यात कोणीही विचारला नव्हता. अक्कांनी अभिमानाने सांगितले, "खिचडी दिनी, दूध दिनं. उपासले साबुदाना चालस."

ताईंनी पेटी बाकावर ठेवली. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण पेटी ठेवण्याच्या आवाजावरून मला कळले की काहीतरी भयंकर झाले आहे. त्यांनी आम्हाला बसवून सांगितले, तेही साध्या भाषेत. पूर्ण भूल दिली की माणसाला गिळण्याचे, खोकण्याचे भान राहत नाही. पोटातले वर आले तर ते श्वासाच्या नळीत उतरते. "आणि हिची मान मागे वळत नाही. पोट भरलेलं, मान आखडलेली. उलटी आली तर मी श्वासासाठी नळी घालू कुठून?"

माझ्या तोंडचे पाणी पळाले. अक्का मात्र ताठ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग निर्जळी सांगानं व्हतं ना! उपास उपास काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

मला वाटले, आता ताई चिडणार. त्या अक्कांकडे वळून म्हणाल्या, "अक्का, बरोबर आहे तुमचं. चूक आमच्या शब्दाची आहे." त्यांनी नर्सबाईंना हाक मारून तिथेच सांगितले, "आजपासून पेशंटला उपवास सांगायचा नाही. निर्जळी सांगायची. हरतालिकेसारखी, पाणीसुद्धा नाही."

ताईंच्या घरी उपासतापास पाळत नाहीत, हे मला पुढे कळले. पण कोणाच्या घरी कोणत्या उपवासाला काय चालते, हे ताई त्याच दिवसापासून विचारून शिकत गेल्या. एकादशीला काय, वटसावित्रीला काय, जैन घरात काय, रोजा असेल तर पहाटे काय खाल्ले. आज जळगावच्याच नव्हे, धुळ्याच्या दवाखान्यांतही बायकांना "उद्या निर्जळी" असे सांगतात. ते कोठून आले, हे तिथल्या नव्या नर्सना ठाऊक नसेल. म्हणून या ग्रंथात नोंदवून ठेवते की तो शब्द आमच्या अक्कांनी रागाने दिला आणि ताईंनी तो न रागावता घेतला.

पण त्या सकाळी पुढे काय? नाशिकचे सर्जन हात धुऊन तयार. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. आतून त्यांचा आवाज आला, "अहो, दोन घास साबुदाणा. घ्या चालवून."

ताई म्हणाल्या, "साबुदाण्याला ठाऊक नाही तो दोन घास आहे ते. मी पूर्ण भूल देणार नाही."

"मग महिना गेला पोरीचा. मी काय रोज येतो?"

"महिना गेला तर जाऊ दे. नाहीतर हनुवटीपुरती जागा बधिर करून करता येईल का, ते तुम्ही सांगा. मी तिच्या उशाशी बसते."

सर्जन म्हणाले की होईल, पण पोरीने हलता कामा नये, रडता कामा नये. ते कामात चोख होते, पुढे त्यांनी घातलेले टाके पाहून कोणीही तेच म्हणेल. पण पोरीला हे झेपेल का, ते त्यांनी विचारले ताईंना. ताईंनी विचारले नंदाला. भाजल्यापासून त्या दिवसापर्यंत नंदाच्या तोंडाबद्दल सगळे बोलले होते, तिला कोणी विचारले नव्हते. ताई तिच्याजवळ वाकून म्हणाल्या, "जागी राहशील. सुई टोचताना दुखेल, नंतर ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. भीती वाटेल. नको वाटलं तर आत्ता नको म्हण, कोणी रागावणार नाही."

नंदा म्हणाली, "करा."

दार लागताना मी ताईंचा पदर धरला. "ताई, काही होणार नाही ना?"

त्यांनी पदर सोडवून घेतला नाही. "असं मी कुणालाच म्हणत नाही. मी तिच्या उशाशी बसेन, आणि ती उठून बाहेर येईपर्यंत उठणार नाही. एवढंच म्हणते."

हे त्या वेळी यांना आवडले नव्हते. हे म्हणाले, "डॉक्टरांनी दोन शब्द धीराचे बोलावेत की नाही?" मलाही तेव्हा तसेच वाटले. पण दाराबाहेर जप करीत बसले असता माझ्या ध्यानात आले की मी त्याच वाक्याला धरून बसले आहे. 'काही होणार नाही' हे टॉन्सिलच्या त्या मुलाच्या आईलाही कोणीतरी सांगितलेच असणार. 'मी उठणार नाही' हे तिला कोणी सांगितले नसेल.

आत काय झाले ते नंदाने नंतर सांगितले. हनुवटीचे काम असल्याने तिला बोलता येत नव्हते. ताईंनी तिचा हात हातात घेऊन ठरवले, हो असेल तर एकदा बोट दाबायचे, नाही असेल तर दोनदा. आणि सुरू केले, "खिचडीत मिरची हिरवी होती? शेंगदाण्याचं कूट भरड? अक्का स्वयंपाकात लुडबुड करतात का तुझ्या आईच्या?" या शेवटल्या प्रश्नाला नंदाने इतक्या जोरात एकदा बोट दाबले, की ताई हसल्या आणि सर्जन ओरडले, "कोण हलवतंय टेबल?"

बाहेर आली ती स्वतःच्या पायांनी. तोंडाला पट्ट्या, डोळे मात्र लख्ख. ना उलटी, ना गुंगी. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "आता हिला बरं वाटतंय, पण फसू नका. बधिरपणा उतरला की दुखायला लागेल. दुखायच्या आधीच ही गोळी द्या, दुखल्यावर नाही." तसेच झाले. संध्याकाळी चमच्याने कोमट चहा पिताना नंदाने पाटीवर लिहून अक्कांना कळवले की साखर जास्त झाली. अक्का म्हणाल्या, "तोंड शिवं तरी पोर चूक काढस."

दोन-चार महिन्यांनी गळ्याचे ठरले. आता मी शहाणी झाले होते, निदान मला तसे वाटत होते. ताईंना म्हटले, "याही वेळी तसंच करा. जागा बधिर करा. पूर्ण भूल नको."

ताईंनी मला हो म्हणून गप्प करणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. म्हणाल्या, "मागल्या वेळी बधिर करून भागलं, कारण जागा लहान होती आणि पोट भरलेलं होतं. ती सोय होती, नियम नव्हे. या वेळी मांडीची कातडी काढून गळ्यावर लावायची आहे. वेळ लागेल. तेवढा वेळ जागेपणी निपचित राहणं तिला झेपणार नाही, आणि ती हलली तर लावलेली कातडी बसणार नाही. चेहऱ्यासाठी आहे म्हणून भूल हलकी होत नाही, वहिनी. उलट, जिवावरचं नसताना देतो, म्हणून मी जास्त जपते."

त्या आठवड्यात त्या आपल्या लुनावर मेहरूणला आमच्या घरी दोनदा आल्या. भूल देणारे डॉक्टर पेशंटच्या घरी जातात असे मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. नंदाला तोंड उघडायला लावून बोटे घालून पाहिली, मान जितकी मागे जाते तितकी नेऊन पाहिली. परत एकदा पाहिली. मी विचारले, "अवघड आहे का?" म्हणाल्या, "आहे. म्हणून आधी बघतेय. अवघड आहे हे आधी ठाऊक असलं की निम्मं अवघड उरत नाही."

मग त्यांनी मला जे सांगितले, ते प्रत्येक आईने ऐकावे. नंदा उठल्यावर काय काय दिसेल, ते त्यांनी एकामागून एक सांगून ठेवले. ती थरथरेल, ती थंडी नव्हे, पांघरूण घाला आणि घाबरू नका. उलटी होईल, तिला कुशीवर करा, डोके धरून ठेवा, म्हणजे टाक्यांवर ताण यायचा नाही. घसा बसेल, कारण श्वासासाठी नळी घातलेली असेल. भलतेच बोलेल, माणसे ओळखणार नाही. "मागल्या वेळेसारखी चालत येईल असं डोळ्यांपुढे आणू नका. या भुलीतून माणूस पायऱ्या उतरल्यासारखं हळूहळू बाहेर येतं. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला महत्त्वाचं काही विचारू नका."

शेवटल्या वाक्याचे मला नवल वाटले. आजारी पोरीला महत्त्वाचे काय विचारणार कोणी?

त्या दिवशी निर्जळी कडक पाळली. अक्कांनी पाण्याचा माठसुद्धा जुन्या लुगड्याने झाकून ठेवला. आत वेळ फार लागला. मी जप सोडून नुसती दाराकडे बघत होते, माळ हातात तशीच. दार उघडले तेव्हा ताईंच्या पोलक्याची पाठ घामाने ओली होती. "नळी घालायला त्रास झाला. पण गेली. आता श्वास तिचा तिचा चालू आहे," एवढे सांगून त्या पुन्हा नंदाच्या उशाशी जाऊन बसल्या.

सगळे त्यांनी सांगितले तसेच झाले. थरथर झाली, उलटी झाली. ते सांगून ठेवलेले नसते तर मी किंचाळले असते. सांगितलेले होते, म्हणून मी नुसते पांघरूण घातले आणि डोके धरले. नंदाने मला 'अक्का' म्हटले, अक्कांना 'नर्सबाई' म्हटले. अक्का म्हणाल्या, "बठ्ठं आयुष्य काढं, आते नर्स बी व्हयनू."

दुपारी आबा आले. आबा म्हणजे यांचे चुलते, घरातले मोठे. मन वाईट नाही, पण हातात घेतलेले काम पुरे केल्याशिवाय पाणी न पिणारे. त्यांनी नंदासाठी एक स्थळ आणले होते. बिजवर, पदरी दोन मुले, जमीन चांगली. "भाजलेल्या पोरीला याच्यापेक्षा चांगलं येणार आहे का?" हे त्यांचे आधीपासूनचे म्हणणे. नंदाने तोवर हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. मी औषध आणायला खाली गेले होते. परत आले तो आबा खाटेवर वाकलेले.

"नंदाबेटा, पत्करलं म्हणू ना मी त्यांना?"

"हो," नंदा म्हणाली. डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर हसू.

"ऐकलंत? पोरगी हो म्हनली!" आबांनी टोपी सारखी केली. खाली त्या लोकांचा माणूस उभा होता. शब्द द्यायला निघाले.

आबांच्या शब्दाला आमच्या घरात माघार नसते. गेला की गेला. मोठ्यांसमोर मी कधी बोललेले नाही. आणि पोरगी खरोखरच हो म्हणाली होती, माझ्या कानांनी ऐकले.

ताई नाडी बघायला आत येत होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. "आबा, थांबा."

"डॉक्टरबाई, तुम्ही भूल द्या. लगन आमचं आम्ही पाहू."

"पाहा. पण आधी मला पाहू द्या." त्या नंदाजवळ गेल्या. "नंदा, मी कोण?"

"शाळेच्या बाई."

"आणि आज काय आहे?"

"दिवाळी," नंदा म्हणाली, आणि पुन्हा हसली.

ताई आबांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "आबा, हिला आज दिवाळी आहे. तुम्ही हिला काहीही विचारा, ती हो म्हणेल. आजचा होकार माझ्या औषधाचा आहे, तिचा नाही. मागल्या वेळी नुसती जागा बधिर केली होती, तेव्हा संध्याकाळी विचारलं असतं तर मी मध्ये आले नसते. आज येणार. उद्या विचारा. तेव्हा ती जे म्हणेल त्यात माझा एक शब्द असणार नाही."

आबा लालबुंद झाले. खाली गेले. ते शब्द देऊन येतात की काय, हे बघायला अक्का खिडकीशी गेल्या. बऱ्याच वेळाने अक्का खिडकीतून म्हणाल्या, "ना वं, तो मानूस एकलाच चालना." म्हणजे आबांनी शब्द दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा परत आले. नंदाला कालचे काहीच आठवत नव्हते. "आबा कधी आले?" असे तिने मलाच विचारले, बसक्या घशाने. आबांनी पुन्हा विचारले, या वेळी खुर्चीवर नीट बसून. तिचा आवाज फुटेना, म्हणून तिने नुसते ओठ हलवले. मिटलेले, सारखे झालेले ओठ. "नाही."

आबा म्हणाले, "आवाज नाही म्हणून तसं वाटतंय."

अक्का म्हणाल्या, "आवाज नही शे, पन 'नही' ऐकू उनं माले." आबांनाच हसू आले, आणि विषय मिटला. इतकी वर्षे झाली, त्या स्थळाचे नाव पुन्हा घरात निघाले नाही. नंदा पुढे स्वतःच्या होकाराने दोंडाईच्याला दिली. जावई शाळेत शिक्षक आहेत.

ताईंनी किती हजार लोकांना भूल दिली, ते समितीच्या माहितीपत्रकात असेल. मला एवढेच सांगायचे आहे की त्यांनी औषधाचे काम कुठवर आणि माणसाचे कुठून सुरू, ही रेघ कधी पुसू दिली नाही. सर्जनना पुसू दिली नाही, आबांना नाही, मलाही नाही. हे करताना त्या कोणाचा अपमान करीत नसत, हे त्याहून अवघड. आबा पुढे हर्नियाच्या वेळी दवाखान्यात आले, तेव्हा म्हणाले, "भूल त्या शाळेच्या बाईच देतील तर करतो."

ताईंच्या दवाखान्याची पाटी कोठेच नाही, कारण त्यांचा दवाखानाच नाही. दुसऱ्याच्या दवाखान्यात जायचे, माणूस जागा होण्याच्या वेळी उशाशी असायचे, आणि त्याला पुरते आठवायला लागले की निघून जायचे. नंदाला सर्जनचा चेहरा आठवतो. ताईंचा म्हणाल तर हात आठवतो. त्यांच्या एकसष्टीला ज्यांनी हा ग्रंथ काढायचे मनावर घेतले, त्यांचे म्हणूनच आभार मानावे तितके थोडे.

आता माझे गाऱ्हाणे. गौरवग्रंथात असे लिहू नये, हे मला कळते.

धुळ्याचे नवे सर्जन चांगले आहेत असे सगळे सांगतात. मी विचारले, बधिर करून भागेल की पूर्ण भूल? ते म्हणाले, ते भूल देणारे डॉक्टर ठरवतील. भूल देणारे कोण? ते म्हणाले, त्या दिवशी जे येतील ते. त्या दिवशी जे येतील त्यांनी आधी घरी येऊन मान मागे नेऊन पाहिलेली नसेल. नंदाची मान तेव्हा होती तशीच आज आखडली आहे, आणि आता तिच्यामागे एक लेकरू आहे. नंदा फोनवर म्हणते, "आई, तू कशाला घाबरतेस?" आणि मग भूल देणारे कोण ते कळले का, हे पुन्हा विचारते.

ताईंना मी वेगळे पत्र लिहिणार होते. दोनदा लिहून फाडले. कारण मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. त्या एसटीत बसून धुळ्याला निघतील. त्यांच्या कमरेचे दुखणे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, डॉक्टरांनी फार वेळ बसायला मनाई केलेली आहे, आणि उशाशी बसणे हेच तर त्यांचे काम. म्हणून इथे सगळ्यांच्या समोर लिहिते, म्हणजे त्यांना जाता येणार नाही. ताई, तुम्ही येऊ नका.

तुम्ही इतकी वर्षे दुसऱ्यांच्या झोपेवर जागत आलात. देव तुम्हाला आता पोटभर स्वस्थ झोप देवो. कंबर धरू नये, डोळे धड राहावेत, चहा पिताना कोणी दारात हाक मारू नये, आणि अशी खूप वर्षे लाभावीत, नातवंडांना रागे भरायला पुरतील इतकी. मनुदेवीला मी तुमच्यासाठीही बोलले आहे.

फक्त एक करा. जिल्ह्यात तुमच्यापाशी शिकलेले पुष्कळ आहेत. त्यांतला जो कोणी आखडलेली मान आधी दोनदा पाहील, 'काही होणार नाही' म्हणणार नाही, आणि नंदा उठेपर्यंत उठणार नाही, त्याचे नुसते नाव मला लिहा. मी धुळ्याला सांगून त्यालाच बोलावून घेईन. समितीने हा लेख छापण्याआधी ताईंना दाखवावा ही विनंती, कारण तारीख जवळ आली आहे. ताई, कार्डावर एक नाव पुरे. उलट टपाली कळवावे.

सौ. सुशीला बोरसे
मेहरूण, जळगाव